माळ, आवार आणि कॅम्पस



अमेरिकेतील परिसररचनेचा इतिहास हा विषय मी कळवला, तेव्हा साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर हे कशासाठी, अशी शंका काहींना आली असणार. माझे उत्तर साधे आहे. आपल्या मच्छे गावाचे नाव आज कर्नाटकभरच्या अभियांत्रिकीच्या मुलांना ठाऊक आहे, कारण १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पत्त्यात ते आहे : ज्ञानसंगम, मच्छे, बेळगाव. ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले, ते विश्वेश्वरय्या स्वतः पुण्यात, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, इंजिनियर झाले. शहराच्या मध्यावरचे, पेठेतून चालत जाता येईल असे ते कॉलेज. बेळगावात आपण ज्यांना कॉलेज म्हणत आलो ती लिंगराज किंवा राणी पार्वतीदेवी ही कॉलेजेही तशीच. सायकल टेकवायची, तास करायचा, घरी जेवायला यायचे. मग विद्यापीठ म्हटले की गावाबाहेर शेकडो एकर जागा, कमान, आत वळणदार रस्ता, लांब लांब इमारती आणि मध्ये झाडी, हे चित्र आपल्या डोक्यात कुठून आले? नालंदेहून आले असे म्हणायला मला आवडले असते. पण ते आले अमेरिकेतून, आणि ते आणण्यात आचऱ्यात जन्मलेल्या एका मराठी माणसाचा मोठा हात होता.

शब्दापासून सुरुवात करू. ‘कॅम्पस’ हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ मैदान, मोकळी जमीन. आपल्या भाषेत माळ. कॉलेजच्या जागेला हा शब्द पहिल्यांदा लागला तो अमेरिकेत, प्रिन्स्टनला, १७७४ साली. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजे आतल्या चौकाभोवती बंद होतात, आपल्या वाड्यासारखी. दिंडी लावली की गाव बाहेर. अमेरिकनांनी इमारत उघड्यावर ठेवली आणि पुढची जमीन मोकळी सोडली. जमीन त्यांच्याकडे मुबलक होती. ती कशी मुबलक झाली, ते पुढे येईलच.

थॉमस जेफरसनने व्हर्जिनिया विद्यापीठ उभारले तेव्हा हा विचार आणखी पुढे नेला. १८१९ साली विद्यापीठाची स्थापना, १८२५ मध्ये वर्ग सुरू. मधोमध लांब हिरवळ, दोन्ही बाजूंना पाच-पाच मिळून दहा दुमजली घरे, खाली वर्ग आणि वर प्राध्यापकाचे बिऱ्हाड, त्यांना जोडणाऱ्या खांबांच्या ओवऱ्या, आणि डोक्याशी घुमटाची इमारत. त्या घुमटाखाली चर्च नव्हते, ग्रंथालय होते. जेफरसन याला विद्येचे खेडे म्हणे. ते खेडे बांधणाऱ्या हातांत गुलामांचे हात पुष्कळ होते, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे; अमेरिकेत आता ते सांगतात.

पण ज्याच्यामुळे इमारतींमधली जमीन हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला, तो माणूस फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. त्याच्याजवळ थोडे थांबू. हा काही शिकलेला वास्तुविशारद नव्हे. त्याने शेती केली, वर्तमानपत्रासाठी दक्षिणेतल्या गुलामगिरीवर प्रवासवृत्ते लिहिली, आणि १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या नियोजित सेंट्रल पार्कवर देखरेख करणारा अधिकारी म्हणून नोकरी धरली. पुढल्याच वर्षी उद्यानाच्या आराखड्याची स्पर्धा झाली. कॅल्व्हर्ट वॉक्स या इंग्लंडहून आलेल्या वास्तुविशारदाबरोबर त्याने आराखडा दिला आणि तोच निवडला गेला.

त्या आराखड्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट झाडे किंवा तळी नाहीत. उद्यान लांबलचक होते आणि शहराच्या दोन बाजूंची वाहतूक त्यातून आडवी जाणारच होती. ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी असे चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखाली, खंदकासारखे नेले. गाड्या खालून गेल्या, माणसे वरून चालत राहिली. तेव्हा मोटार जन्माला आलेली नव्हती. ज्याच्या पायाशी घोडागाडी येणार आहे त्या चालणाऱ्या माणसाची काळजी आराखड्यावर रेघ मारतानाच घेतलेली होती. काही वर्षांनी हे दोघे स्वतःला ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ म्हणवू लागले आणि या कामाला नाव मिळाले. मराठीत भूदृश्यरचना म्हणतात. मी परिसररचना म्हणतो, कारण त्यात केवळ दृश्य नाही, चालणे आहे, सावली आहे, पाण्याचा निचरा आहे.

आता दुसरी बाजू. सेंट्रल पार्कची जमीन रिकामी नव्हती. पश्चिमेच्या अंगाला सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुतेक रहिवासी कृष्णवर्णीय, काही आयरिश; एकूण सुमारे सव्वादोनशे माणसे. घरे होती, चर्च होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर त्याच्या नावावर किमान २५० डॉलरची मालमत्ता लागे. गोऱ्याला ही अट नव्हती. म्हणजे इथला जमिनीचा तुकडा हा मतदानाचा हक्कही होता. सरकारने जागा ताब्यात घेतली, मोबदला दिला, आणि १८५७ मध्ये वस्ती उठली. वर्तमानपत्रांनी त्या लोकांचे वर्णन झोपड्यांत राहणारे घुसखोर असे केले होते. पुढे शंभरावर वर्षे त्या वस्तीचे नाव कुणाला आठवत नव्हते.

आता विद्यापीठांकडे येऊ. १८६२ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, लिंकनने मॉरिल कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला त्याच्या संसद-सदस्यांच्या संख्येप्रमाणे, दर सदस्यामागे ३०,००० एकर सरकारी जमीन; ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजे काढायची. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलासाठी उच्चशिक्षण, ही कल्पना त्या काळात जगात फार कुठे नव्हती. तिचे मोल मी कमी करणार नाही. पण त्या सरकारी जमिनी म्हणजे तिथल्या मूळ जमातींकडून तहाने, दडपशाहीने किंवा सरळ बळकावून घेतलेल्या. गेल्या काही वर्षांत अमेरिकन पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी जुने दस्त लावून पाहिले. एक कोटी एकराहून अधिक जमीन, सुमारे अडीचशे जमातींची.

ही कॉलेजे बांधायची कशी, असा प्रश्न आला तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या कृषी कॉलेजने ओल्मस्टेडचा सल्ला मागितला. १८६६ मध्ये त्याने सल्ल्याची पुस्तिकाच छापली. विश्वस्तांच्या मनात दगडी, उंच, दिमाखदार अशी एकच इमारत होती. ओल्मस्टेडने त्यांना विचारले ते असे : शेतकऱ्यांची हुशार मुले गाव का सोडतात? खेड्यातले जगणे ओबडधोबड आणि एकटे असते म्हणून. मग त्यांना चार वर्षे बराकीत ठेवून तुम्ही शेतीकडे परत कसे पाठवणार? त्यापेक्षा कॉलेजच एका चांगल्या खेड्यासारखे बांधा. लहान घरे, चालण्यासारखे रस्ते, मध्ये सामाईक मैदान, एकत्र बसायची जागा. मुले पुस्तकातून शेती शिकतील आणि राहण्यातून खेडे कसे असावे ते शिकतील. विश्वस्तांना हे पटले नाही. आराखडा बाजूला पडला. आपल्याकडच्या संस्थाचालकांना भेटलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. इमारत फोटोत दिसते, सामाईक मैदान दिसत नाही.

वीस वर्षांनी कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाचे काम त्याच्याकडे आले. मालकाला पूर्व अमेरिकेसारखी हिरवीगार हिरवळ हवी होती. ओल्मस्टेड अडून बसला. हा प्रदेश कोरडा, उन्हाळा लांब. इथे हिरवळ म्हणजे पाण्याची नासाडी. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या देशांकडे बघा, असे त्याचे म्हणणे. शेवटी फरसबंद चौक आणि त्यांच्याभोवती कमानींच्या लांब ओवऱ्या झाल्या, उन्हापावसात एका इमारतीतून दुसरीत जाता येईल अशा. आपल्या देवळांच्या प्राकारात ओवऱ्या असतातच. त्या आपण विद्यापीठात नेल्या नाहीत, हिरवळ मात्र नेली.

आता आपल्याकडच्या माणसाची गोष्ट. बेळगावातून आंबोली घाट उतरला, सावंतवाडी मागे टाकली, की पुढे मालवणच्या उत्तरेला आचरा लागते. अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म तिथला, १९१६ सालचा. आई लहानपणीच गेली. मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले. वडील मुंबईत चित्रकला शिक्षक. १९३५ मध्ये जे. जे. मध्ये वास्तुकलेला प्रवेश. तिथे क्लॉड बॅटली हे इंग्रज प्राध्यापक होते, आणि इथल्या घरांचे, वाड्यांचे, देवळांचे मोजमाप घेऊन नकाशे काढा, असा त्यांचा विद्यार्थ्यांना आग्रह असे. पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेत नोकरी. देशाला प्रयोगशाळा बांधायच्या होत्या आणि त्या बांधायला माणसे नव्हती, म्हणून सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवले.

ते ज्या विभागात गेले त्याची रचना पाहण्यासारखी आहे. परिसररचनेचे अमेरिकेतले पहिले विद्यापीठीय शिक्षण हार्वर्डलाच १९०० मध्ये सुरू झाले, ओल्मस्टेडच्या मुलाने सुरू केले. वास्तुकला वेगळी, नगररचना वेगळी. १९३६ मध्ये जोसेफ हडनट यांनी तिन्ही शाखा एका छपराखाली आणल्या, आणि १९३७ मध्ये जर्मनीतून बाहेर पडलेले वॉल्टर ग्रोपिउस तिथे शिकवायला आले. कानविंदे त्यांचे विद्यार्थी. त्याच सुमारास तिथे आय. एम. पै आणि पॉल रुडॉल्फ ही पुढे गाजलेली नावे होती. ग्रोपिउसांकडून कानविंदे काय शिकले हे सगळे सांगतात : काटेकोरपणा, काँक्रीट, उपयोगातून आकार. पण घर बांधणारा, जमीन आखणारा आणि शहर आखणारा एकाच जिन्याने वर्गात जातात, हे ज्याने पाहिले त्याने पुढे इमारत सुटी पाहिली नाही. माझ्या मते कानविंद्यांच्या कामाचे खरे मर्म इथे आहे.

१९४७ मध्ये ते परतले, परिषदेचे मुख्य वास्तुविशारद झाले, अहमदाबादची ‘अटिरा’ ही कापड-संशोधन संस्था त्यांनी बांधली, आणि १९५५ मध्ये शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःचे कार्यालय काढले. मग आले कानपूर.

कानपूरची आयआयटी १९५९ मध्ये सुरू झाली ती दुसऱ्या एका संस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत. संचालक होते पु. का. केळकर. म्हणजे उत्तर प्रदेशात, अमेरिकन मदतीने उभ्या राहणाऱ्या संस्थेचा संचालक मराठी आणि वास्तुविशारदही मराठी. एमआयटी, प्रिन्स्टन, बर्कली धरून नऊ अमेरिकन विद्यापीठे १९६२ पासून दहा वर्षे या संस्थेला हात देत होती. जागा हजार एकरांहून अधिक, सपाट, उन्हाळ्यात होरपळणारी.

अमेरिकन कॅम्पसची सरळ नक्कल केली असती तर काय झाले असते, याची कल्पना करा. दूरदूरच्या इमारती, मध्ये हिरवळ, आणि मे महिन्याच्या लू-मध्ये एका तासाहून दुसऱ्या तासाला धावणारी पोरे. अमेरिकेत ते जमते. तिथे ऊन हवेहवेसे असते. कानविंद्यांनी शिकण्याच्या इमारती जवळजवळ आणल्या, ग्रंथालय त्यांच्या मध्यभागी ठेवले, आणि व्याख्यान-दालने, प्रयोगशाळा, प्राध्यापकांच्या खोल्या या सगळ्यांना जोडणारे लांब मार्ग काढले. हे मार्ग दोन पातळ्यांवर आहेत, खाली एक आणि वर एक. वरचा मार्ग खालच्याला सावली देतो. गाड्यांचे रस्ते बाहेरून. इमारतींची काँक्रीटची चौकट उघडी, तिच्यात विटा भरलेल्या. मध्ये चौक आणि झाडे. हजार एकर मिळाले म्हणून ते पसरले नाहीत. जमीन भरपूर असूनही माणसाच्या पावलांनी आखणे, हे मला त्या कामातले सर्वांत धीराचे वाटते, कारण पैसे देणाऱ्याला पसारा आवडतो.

सेंट्रल पार्कचे खाली गेलेले रस्ते आणि कानपूरचे वर गेलेले मार्ग यांचा थेट संबंध जोडायला माझ्याकडे पुरावा नाही. प्रश्न मात्र एकच आहे, चालणाऱ्याला चाकांपासून वेगळे कसे ठेवायचे. तसेच आणखी एक सांगतो. कानविंद्यांच्या चौकांत आणि सावलीच्या मार्गांत आचऱ्याचे अंगण आणि पडवी आली, असे वाक्य टाळ्या घेणारे आहे. मी ते म्हणणार नाही. हार्वर्डही होते, बॅटलींची मोजपट्टीही होती, कानपूरचे ऊनही होते. मात्र पडवीत वाढलेल्या मुलाला सावलीची किंमत कुणी शिकवावी लागली नसेल, एवढे म्हणतो. आपल्या घरांतला सोपा आणि परडे ज्यांनी वापरले आहे त्यांना हे कळेल.

१९६९ मध्ये कानविंद्यांनी एच. जेम्स मिलर या अमेरिकन सहकाऱ्याबरोबर भारतातील कॅम्पस-रचनेवर पुस्तक लिहिले. वेळही अचूक होती. कारण मॉरिल कायद्यातून जन्मलेला तो कृषी-कॉलेजचा नमुना तेव्हा भारतात येत होता. पहिले विद्यापीठ पंतनगरचे, १९६० मधले. मग अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांनी भारतातली राज्ये वाटून घेतली. पंतनगरला इलिनॉय, महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनिया, आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याला टेनेसी.

आपल्या भागाला हे वाटप चांगलेच लागू पडते. धारवाडचे कृषी महाविद्यालय १९४७ चे, म्हणजे मुंबई प्रांतातले. बेळगावची मुले तिथे जात. १९५६ नंतर ते म्हैसूर राज्यात गेले, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाखाली आले आणि १९८६ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. बंगळूरच्या त्या कृषी विद्यापीठाचा परिसरही कानविंद्यांच्याच कार्यालयाने आखला. इकडे महाराष्ट्राने १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ काढले. सीमेवरच्या शेतकऱ्याच्या मुलाने धारवाडला जावे की राहुरीला, यावर आपल्या घराघरांत वाद झाले आहेत, भाषेवरून, दाखल्यांवरून, राखीव जागांवरून. पण अलीकडे टेनेसी आणि पलीकडे पेनसिल्व्हेनिया, आणि दोन्हींच्या मुळाशी १८६२ चा तो एकच कायदा. राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसावे.

या विद्यापीठांत फिरताना मला ओल्मस्टेडची ती नाकारलेली पुस्तिका आठवते. बी-बियाणे, संशोधन, विस्तार-शिक्षण हे सगळे आपण अमेरिकेकडून घेतले आणि त्याचा फायदा झाला. पण शेतकऱ्याच्या मुलाने चार वर्षे ज्या जागेत राहायचे ती जागा त्याला गावाकडे परतावेसे वाटेल अशी असावी, हा विचार अमेरिकेतच बाजूला पडला होता. तो आपल्यापर्यंत यायचा कुठून? वसतिगृह म्हणजे बराक, हे आपण निमूट मान्य केले. कृषी पदवी घेतलेली आपली किती मुले पुन्हा रानात उतरली, याचा हिशेब तुम्ही आपल्याच गल्लीत करून पाहा.

शेवटी मच्छ्याकडे. पूर्वी माळ म्हणजे कमी मोलाची जमीन आणि शिवार म्हणजे पिकाऊ रान, हा भेद आपल्या भाषेत स्पष्ट होता. विद्यापीठे, कारखाने यांना माळ द्यावा, भाताचे रान ठेवावे, ही जुन्या माणसांची समज. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ सागरमाळावर झाले. तिथली झाडे आणि पाणी पुढच्या लोकांनी मेहनतीने उभे केले. आपल्या गावाच्या भोवती आज औद्योगिक वसाहत आहे, राखीव पोलीस दलाचे आवार आहे, विद्यापीठ आहे. यातले काय माळावर झाले आणि काय रानात, हे इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. हलगा-मच्छे बायपासचा लढा तर माळाचा नाहीच; तो बासमती पिकवणाऱ्या रानाचा आहे, आणि शिवारातले शेतकरी त्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढले आहेत. नकाशावर मात्र माळ आणि रान एकाच रंगाचे असतात. सर्व्हे नंबर असतो, नाव नसते.

सेनेका व्हिलेज पुन्हा सापडले ते कसे, हे सांगून थांबतो. १९९० च्या दशकात दोन इतिहासकारांच्या पुस्तकाने आणि न्यूयॉर्कमधल्या एका प्रदर्शनाने त्या वस्तीकडे लक्ष वेधले. २०११ मध्ये उत्खनन झाले, घरांचे पाये सापडले, चिनीमातीची भांडी सापडली, एक लहानशी पादत्राणाची वस्तू सापडली. पण माणसे सापडली ती कागदांतून : १८५५ ची शिरगणती, चर्चच्या नोंदी, कर भरल्याची पुस्तके. कुणीतरी नावे लिहून ठेवली होती.

आपल्या शिवारात प्रत्येक तुकड्याला नाव असते. वडाचा तुकडा, देवाचे रान, इनामाची पट्टी, अशी नावे. ज्या जमिनी आज आवारांच्या भिंतींआड आहेत त्यांनाही ती होती. ज्यांच्या तोंडी ती नावे आहेत ती माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. आपल्या संस्थेने पुढच्या व्याख्यानापर्यंत दोन तरुण आणि एक जाड वही एवढी तजवीज करावी, तलाठ्याकडच्या जुन्या नकाशाची प्रत घ्यावी, आणि प्रत्येक सर्व्हे नंबरासमोर त्या रानाचे नाव लिहून घ्यावे. वहीचा खर्च मी देतो.